झाडांची निगा आणि जयणा

चातुर्मासात साधु-साध्वी एका स्थानी थांबतात, कारण पावसाने भूमी सूक्ष्म जीवांनी गजबजलेली असते. नेमक्या याच काळात आपल्या गृहसंकुलांच्या आणि मंदिरांच्या आवारांत पाठीवर पंप घेतलेला माणूस फिरताना दिसतो. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण दिसला, तगरीची पाने कुरतडली गेली, की फवारणीचा ठराव होतो. पर्युषणात सर्व जीवांची क्षमा मागायची आणि अंगणात विष शिंपडायचे, ही विसंगती मनाला टोचते. तरीही झाडे मरू द्यावीत असे म्हणवत नाही. वनस्पतीही एकेंद्रिय जीवच आहे. जीवोत्पत्ती होण्यापूर्वीच काळजी घ्यावी, ही जयणा. झाडांच्या बाबतीत तिचा हंगाम फाल्गुन ते वैशाख हा होय.

या काळात वाळलेल्या, रोगट व एकमेकींत गुंतलेल्या फांद्या काढाव्यात. आत ऊन-वारा खेळला की पावसात बुरशीला व किडीला आसरा उरत नाही. फांदीवर घरटे असल्यास पिले उडून जाईपर्यंत काम थांबवावे. वृक्षाला हात लावण्यापूर्वी वृक्ष प्राधिकरणाची अनुमती घ्यावी. महाराष्ट्राचा नागरी वृक्षसंरक्षणाचा १९७५ चा कायदा खाजगी आवारालाही लागू आहे. पहिल्या पावसापूर्वी खोडाला दोन-तीन फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट लावावी. १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना वेगवेगळे भिजवून एकत्र करावे व एकूण पाणी १० लिटर ठेवावे. भांडे प्लास्टिकचे असावे, लोखंडाचे नको.

पिठ्या ढेकणाला बहुधा आपणच आमंत्रण देतो. युरिया अधिक झाला की पालवी कोवळी, रसाळ होते आणि रस शोषणारी कीड तिच्यावर तुटून पडते. किडीच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट्यासाठी मुंग्या तिचे रक्षण करतात, तिची पिले दुसऱ्या फांदीवर नेऊन ठेवतात. म्हणून भिंतीला वा जमिनीला टेकणाऱ्या फांद्या छाटाव्यात. मुंग्यांची वाट अवघड होते. रोपवाटिकेतून आणलेले रोप पंधरा दिवस वेगळे ठेवावे. ढालकिडे पिठ्या ढेकणांचा फडशा पाडतात. त्यांतील एका जातीच्या अळ्या तशाच पांढऱ्या, मेणचट दिसतात. मात्र आकाराने मोठ्या व चपळ असतात. माळी त्यांनाच शत्रू समजून चिरडतो!

तगर आणि कण्हेर यांवर येणारी जाड हिरवी अळी पुढे देखणा पतंग होते. ती पाने खाते, पण निरोगी झुडूप पुन्हा फुटते. तेथे काहीही न करणे हाच उपाय.

कडुनिंबाचे तेल ‘अहिंसक’ म्हणून सुचवले जाते. ते मनुष्याला व पक्ष्यांना रासायनिक औषधांहून सौम्य आहे, हे खरे. परंतु त्यातील द्रव्य किडीची कात टाकण्याची क्रिया रोखते आणि कीड मरते. श्रावकाने ते वापरलेच तर डोळे उघडे ठेवून वापरावे: केवळ बाधित फांदीवर, सायंकाळी, मधमाश्या परतल्यावर. संपूर्ण आवारावर सरसकट फवारणीचे वार्षिक कंत्राट मात्र कोणत्याही समितीने देऊ नये. कीड दिसो वा न दिसो, ठरलेल्या तारखेला पंप येतोच, आणि ढालकिडे सर्वांत आधी मरतात.

दिवाळीनंतर शेणखत घालावे, बुंध्याभोवतीची फरशी हातभर मागे घ्यावी आणि रोषणाईसाठी खोडात ठोकलेले खिळे काढून टाकावेत.