कुंपणाने न राखता येणारं माळरान

अमेरिकेतलं वॉशिंग्टन राज्य म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे सिएटल येतं, रिमझिम पाऊस आणि सूचिपर्णी वृक्षांची दाट जंगलं येतात. हे चित्र राज्याच्या पश्चिम भागापुरतंच खरं आहे. समुद्रावरून येणारे ढग कॅस्केड पर्वतरांगेच्या पश्चिम उतारावर रिते होतात आणि पूर्वेला पर्जन्यछायेचा विस्तीर्ण मुलूख उरतो. यकिमा शहरात वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या माणदेशातही याच्या दुपटीच्या आसपास पडतो. खाली काळा बेसॉल्ट, आपल्या सह्याद्रीसारखाच लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला, फक्त वयाने बराच तरुण. त्यावर गुडघ्या-कमरेएवढी चंदेरी-राखाडी झुडपं आणि मधूनमधून गवताचे ठोंब. या प्रदेशाला तिकडे श्रब-स्टेप म्हणतात. आपण झुडपी माळरान म्हणू. तिथलं मुख्य झुडूप सेजब्रश. ते आपल्या दवण्याच्या फार जवळचं. दोन्ही वनस्पती आर्टेमिसिया या एकाच गणातल्या, दोन्हींचं पान चुरडलं की वास बोटांना लागून राहतो. राज्यातल्या या माळरानापैकी सुमारे ८० टक्के एकतर नाहीसं झालंय किंवा त्याची रया गेलीय. उरलेलं राखायचं कसं, हा प्रश्न आहे. निसर्गफेऱ्या, रोपलावणी, मुलांच्या सहली हे सगळं आपण सहसा प्रचाराच्या खात्यात टाकतो आणि खरं संवर्धन शास्त्रज्ञ, वनरक्षक आणि कुंपणं करतात असं धरून चालतो. या माळरानाचा अनुभव मात्र सांगतो की इथे लोकांचा सहभाग हेच संरक्षणाचं मुख्य साधन आहे.

हे पटण्यासाठी आधी माळरान जवळून पाहायला हवं. सेजब्रशचं पान लहानसं, टोकाला तीन बोथट दाते आणि अंगावर बारीक पांढरी लव. उन्हाची तिरीप परतवायला आणि ओल धरून ठेवायला ती लव उपयोगी पडते. त्याची मुळं खोल जातात, रात्री खालची ओल वर खेचतात आणि त्यातली थोडी वरच्या कोरड्या मातीत झिरपू देतात. शेजारच्या उथळ मुळांच्या झाडोऱ्यालाही त्या ओलीचा लाभ मिळू शकतो. सेज ग्राउज हा तिथला मोठा जमिनीवरचा पक्षी हिवाळ्यात जवळपास याच पानांवर जगतो. अर्धा किलोही न भरणारा पिग्मी ससादेखील तसाच. दोन झुडपांमधली जमीन उघडी वाटते, पण ती उघडी नसते. मॉस, दगडफुलासारखी लायकेन आणि सूक्ष्म सायनोबॅक्टेरिया यांची काळपट, खरबरीत खपली तिच्यावर धरलेली असते. ही खपली माती उडू देत नाही, हवेतला नायट्रोजन जमिनीत आणते आणि परक्या तणाच्या बियांना सहजी रुजू देत नाही. बुटाच्या एका पावलाने ती मोडते आणि पुन्हा धरायला कित्येक वर्षं, कधी दशकं लागतात.

अतिचराईने ही खपली मोडली आणि मूळची गवतं खुरटली, तिथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरेशियातून आलेलं चीटग्रास घुसलं. या गवताचा डाव साधा आहे. शरदात उगवायचं, हिवाळ्यातल्या ओलीवर मुळं धरायची, स्थानिक गवतं जागी होण्याआधी पाणी पिऊन टाकायचं आणि जूनच्या सुमारास वाळून काडी व्हायचं. मूळच्या माळरानात ठोंबांमध्ये मोकळ्या जागा असत, त्यामुळे आग लागली तरी ती अडखळत चाले. चीटग्रासने त्या जागा भरल्या आणि सलग सरपण अंथरून ठेवलं. सेजब्रश जळालं की खोडातून पुन्हा फुटत नाही. त्याचं बारीक बी मूळ झुडपापासून काही मीटरांतच पडतं आणि मातीत फार काळ जिवंतही राहत नाही. म्हणजे मोठी आग आली की मधल्या भागात बीच उरत नाही. चीटग्रास मात्र दुसऱ्याच वर्षी हजर असतं. पूर्वी अनेक दशकांतून एकदा येणारा वणवा अशा ठिकाणी काही वर्षांतच परत येतो.

आता कुंपणाकडे वळू. या मुलखात हॅनफर्डइतकं कडेकोट कुंपण दुसऱ्या कुठल्याच जमिनीला नव्हतं. १९४३ साली अणुबॉम्बसाठी प्लुटोनियम बनवण्याचा कारखाना उभारायला सरकारने तिथली वस्ती उठवली आणि सुरक्षेसाठी भोवतालची प्रचंड जमीन बंद केली. नांगर नाही, घरं नाहीत. कारखान्याचं विषारी ओझं तो मुलूख आजही वाहतो आहे. पण भोवतालचा बंद पट्टा माळरान म्हणून उत्तम राहिला. ९ जून २००० रोजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी त्यातलं सुमारे १ लाख ९५ हजार एकर क्षेत्र ‘हॅनफर्ड रीच राष्ट्रीय स्मारक’ म्हणून जाहीर केलं. त्यानंतर अवघ्या १८ दिवसांनी जवळच्या महामार्गावर दोन वाहनांची प्राणघातक टक्कर झाली, ठिणग्या कडेच्या वाळल्या गवतात पडल्या आणि वाऱ्याने पुढचं काम केलं. सुमारे १ लाख ६४ हजार एकर जमीन जळाली. तिच्यात कुंपणाआड राखलेल्या माळरानाचा फार मोठा भाग होता. कुंपणाने नांगर अडवला, यात शंका नाही. त्याला गवताचं बी अडवता आलं नाही आणि ठिणगीही अडवता आली नाही. वीज पडूनही आगी लागतात, पण या राज्यातल्या बहुसंख्य वणव्यांची सुरुवात माणसाकडून होते. त्यामुळे माळरानाचं भवितव्य त्याच्या कडेला राहणाऱ्या आणि तिथून येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांच्या हाती आहे, आणि त्यांना त्याची जाण आहे की नाही यावर पुष्कळ काही ठरतं.

ती जाण एकेकाळी होती. यकामा आणि इतर मूळ रहिवासी वसंतात याच माळावरून बिटररूट आणि बिस्किटरूटसारखी कंदमुळं खणत आले आहेत. वर्षाचं पहिलं अन्न म्हणून त्यांचे सोहळे आजही होतात. १८५५च्या करारात यकामांनी मोठा प्रदेश सोडला, पण मोकळ्या, कुणी हक्क न सांगितलेल्या जमिनीवर शिकार करण्याचा आणि कंदमुळं गोळा करण्याचा अधिकार राखून ठेवला. जमिनीचे तुकडे जसजसे खासगी मालकीचे झाले, तसतशी ‘मोकळी’ जमीन आटत गेली आणि हक्क कागदावर आक्रसला. पुढे ग्रँड कूली धरणाचं पाणी आलं आणि साडेसहा लाखांहून अधिक एकर जमीन ओलिताखाली आली. त्यातून अन्न पिकलं, गावं उभी राहिली. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण या सगळ्या काळात माळरानाकडे ‘अजून उपयोगात न आणलेली जागा’ म्हणून पाहिलं गेलं, आणि ज्या जमिनीला नाव-गाव नाही ती वाचवायला कुणी पुढे येत नाही.

म्हणून गेल्या चार दशकांत तिथे उभं राहिलेलं लोकांचं काम मला पायाभूत वाटतं. यकिमाजवळची काउइची कॅनियन कॉन्झर्व्हन्सी आणि वेनाची गावातला शेलान-डग्लस लँड ट्रस्ट या दोन्ही संस्था १९८५च्या. लोकांच्या देणग्या आणि सार्वजनिक निधी यांतून जमिनी विकत घ्यायच्या, पायवाटा आखायच्या आणि मग त्या वाटांवर लोकांना आणायचं, अशी त्यांची रीत. काउइचीची दरीतली वाट तर बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरूनच जाते. एलन्सबर्गमध्ये दर वसंतात माळरानाचा उत्सव भरतो. पहाटे पक्षी, मग रानफुलं, खडक आणि मुलांसाठी वेगळे खेळ असा त्याचा दिवस असतो. तुरुंगांत कैदी सेजब्रशची रोपं वाढवतात आणि ती शरदात जळक्या जमिनींवर लावली जातात.

यावर पहिला आक्षेप आकड्यांचा आहे आणि तो गंभीर आहे. सप्टेंबर २०२०मध्ये कोल्ड स्प्रिंग्ज आणि पर्ल हिल या दोन वणव्यांनी मिळून चार लाखांहून अधिक एकर क्षेत्र जाळलं. पहिली आग कोलंबिया नदी ओलांडून दुसरी झाली. पिग्मी सशाची गोष्ट तर काळजाला लागणारी आहे. २००१ साली उरलेसुरले १६ ससे पकडून पिंजऱ्यात वाढवले, आयडाहोतल्या सशांशी संकर केला, २०११पासून पिलं पुन्हा रानात सोडायला सुरुवात झाली, आणि पर्ल हिलच्या आगीत त्यांच्या वस्तीचा मोठा भाग गेला. अशा संहारापुढे शनिवारी चार पोरांनी लावलेली रोपं काय करणार? क्षेत्रफळाच्या हिशेबात फारसं काही नाही, हे मान्य करावं लागेल. पण सेजब्रशचं बी दूर जात नाही, हे इथे आठवावं. जळक्या माळाच्या मध्यभागी जगलेली रोपांची बेटं हीच पुढच्या बियांची उगमस्थानं होतात. आणि दुसरं असं की, मोठं काम सरकारी पैशाने होतं आणि सरकारी पैसा लोकांच्या आस्थेमागून येतो. २०२०च्या आगीनंतर राज्य विधिमंडळाने माळरानाच्या पुनरुज्जीवनासाठी स्वतंत्र निधी दिला. ज्या जमिनीचं नाव मतदाराला ठाऊक नाही, तिच्यासाठी असा पैसा मिळवणं फार अवघड असतं.

दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूचा. माणसं आणली की खपली तुडवली जाणार, बुटांच्या नाड्यांत चीटग्रासचं कुसळ अडकून पुढच्या दरीत पोचणार, मीलनकाळातल्या नाचाच्या जागेवरून सेज ग्राउज उठून जाणार. हे खरं आहे, आणि म्हणूनच लोकांना नुसतं बोलावून भागत नाही. वेनाचीच्या टेकड्यांवरच्या काही वाटा हिवाळ्यात बंद ठेवल्या जातात, कारण तेव्हा म्यूल डिअर हरणं खाली उतरतात आणि त्यांना पळायला लावणं म्हणजे त्यांची शिल्लक चरबी जाळणं. ही बंदी गावकऱ्यांना जाचक वाटली असती तर एक दिवस टिकली नसती. उन्हाळ्यात त्याच वाटांवर हिंडणारे लोकच तिचे राखणदार होतात. शेतकऱ्यांबाबतही हेच. केंद्र सरकारच्या एका योजनेत कमी कसाच्या जमिनी पडीक ठेवून त्यांवर गवत-झुडपं लावणाऱ्यांना दरवर्षी भाडं मिळतं, आणि डग्लस काउंटीत सेज ग्राउज अशा शेतांत घरटी करताना आढळले आहेत. मालकाला वगळून तिथे पक्षी वाचणं शक्य नव्हतं.

मालकाला वगळलं की काय होतं, हे आपण सोलापुरात पाहिलं आहे. नान्नजच्या माळढोक अभयारण्याची हद्द १९७९ साली सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरवर आखली गेली. तिच्यात गावं होती, शेतं होती, रस्ते होते. वर्षानुवर्षं जमिनीच्या व्यवहारांवरच्या बंधनांमुळे माळढोक हा लोकांच्या लेखी अडचणीचा पक्षी झाला. पुढे हद्द सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावी लागली, आणि आता तिथे माळढोक दिसणं हीच बातमी होते. आपलं गवताळ माळरान सरकारी दफ्तरांत पडीक म्हणून लागतं, त्यावर कधी झाडं लावली जातात, कधी सौरपट्ट्या. इंदापूरच्या कडबनवाडीला आणि बारामतीच्या शिर्सुफळला वनविभागाने स्थानिक वाटाड्यांना घेऊन सुरू केलेली गवताळ सफारी हे योग्य दिशेने टाकलेलं पाऊल आहे. तिथे लांडगा आणि चिंकारा बघायला जाणाऱ्यांनी गावातलाच वाटाड्या घ्यावा आणि गाडी रस्ता सोडून घालू नये. आणि ज्यांची मुलं-नातवंडं सिएटल-रेडमंडला नोकरीला आहेत, त्यांनी पुढच्या भेटीत ट्युलिपच्या बागांबरोबर एप्रिल-मेमधला एक दिवस कॅस्केडच्या पूर्वेसाठी ठेवावा. निघताना आणि परतताना मोजे-बूट झाडावेत, पायवाट सोडू नये, वाळल्या गवतावर गाडी उभी करू नये, आणि शरदात रोपं लावायला माणसं हवी असतील तर नाव नोंदवावं.