ताट तेच, काम बदलले

उरण तालुक्यात द्रोणागिरीच्या डोंगराभोवती दोन काळ शेजारी शेजारी नांदताना दिसतात. पायथ्याशी करंजाची मासेमारी आहे, खाडी आहे. पलीकडे बंदराच्या उंच क्रेन, कंटेनरची यार्डे आणि सिडकोच्या द्रोणागिरी नगराच्या इमारती आहेत. हा आगरी-कोळ्यांचा मुलूख. 'आगरी' हे नावच मिठाच्या आगराशी जोडले जाते. भातशेती, मिठागर आणि मासेमारी या तिन्ही कामांत अंगमेहनत भरपूर. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, पुढे गावोगावच्या जमिनी संपादित झाल्या आणि १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. अनेक घरांतला माणूस चिखलातून आणि उन्हातून उठून खुर्चीवर किंवा गाडीच्या चाकामागे बसला. ताट मात्र बव्हंशी तेच राहिले: तांदळाची भाकरी, भाताचा ढीग, मासळीचे कालवण, तोंडी लावायला पापड-लोणचे.

हे ताट वाईट आहे काय? मुळीच नाही. ते एका विशिष्ट कामासाठी बेतलेले होते. काम बदलल्यावर हिशेब कसा बदलतो, ते पाहू.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली उष्मांकांच्या गरजा ठरवून दिल्या. ६५ किलो वजनाच्या पुरुषाला कष्टाचे काम असेल तर दिवसाला ३४७० किलोकॅलरी लागतात. बैठे काम असेल तर २११०. फरक १३६० किलोकॅलरींचा. १०० ग्रॅम तांदळातून सुमारे ३५० किलोकॅलरी मिळतात, हे ध्यानात घेतले तर हा फरक जवळजवळ ३९० ग्रॅम तांदळाएवढा होतो! घराघरांत गॅस, नळ आणि मिक्सर आले, म्हणून स्त्रियांच्या बाबतीतही असाच फरक पडला.

यावर विद्यार्थी विचारतील, "काम कमी झाले की भूकही कमी होणार नाही का?" प्रश्न रास्त आहे. जाँ मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगालमधील तागाच्या गिरणीतील कामगारांचा अभ्यास करून १९५६ साली याचे उत्तर दिले. हलक्या कामापासून जड कामापर्यंत खाणे कामाच्या प्रमाणात वाढत होते. परंतु अगदी बैठे काम करणारे लोक हलके काम करणाऱ्यांपेक्षा कमी नव्हे, तर जास्त खात होते, आणि त्यांचे वजनही जास्त होते. म्हणजे हालचाल एका मर्यादेखाली गेली की भुकेचा काटा बिघडतो. ताट आपोआप लहान होत नाही; ते समजून-उमजून बेतावे लागते.

दुसरी शंका अशी, की "आमच्या घरात कोणी फारसे लठ्ठ नाही, मग काळजी कशाची?" या शंकेचे उत्तर पुण्यात मिळते. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली. आपली बाळे सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू बरेच कमी होते. कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचेच उदाहरण दिले. उंचीच्या मानाने वजन सांगणारा निर्देशांक (बीएमआय) दोघांचाही २२.३ होता. पण शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के! वजनकाटा स्नायू आणि चरबी यांत भेद करत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

आपल्याकडे ही चरबी पोटात, आतड्यांभोवती आणि यकृतात साठण्याकडे कल असतो. अशी चरबी वाढली की इन्सुलिनचा परिणाम मंदावतो, रक्तातील साखर आणि ट्रायग्लिसराइडे वाढतात, आणि हृदयाच्या रोहिण्यांत थर साचण्यास अनुकूल स्थिती तयार होते. म्हणून प्रौढांनी वजनाबरोबर कंबरही मोजावी. भारतीयांसाठी पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानली जाते.

मग ताटात काय बदलावे? महागडी तेले किंवा परदेशी धान्ये आणण्याची गरज नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेनुसार धान्यांतून मिळणारे उष्मांक एकूण उष्मांकांच्या सुमारे ४५ टक्क्यांपर्यंत असावेत आणि ताटाचा निम्मा भाग भाज्या व फळांचा असावा. उरणच्या ताटात याचा अर्थ असा: एका जेवणात भाकरी किंवा भात, दोन्ही नव्हे. रिकाम्या झालेल्या जागी वाल, चवळी, मूग, अळू, शेवग्याचा पाला. मासळी ठेवावीच. बांगडा आणि तारली या स्वस्त मासळीत हृदयाला उपकारक अशी ओमेगा-३ स्निग्धाम्ले असतात. पण तळण्यापेक्षा कालवण बरे, कारण एका चहाच्या चमचाभर तेलात सुमारे ४० किलोकॅलरी असतात.

मिठाची गोष्ट या मुलखात विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. उन्हात राबणाऱ्याच्या घामातून पाण्याबरोबर मीठही जाते. सावलीत बसणाऱ्याचे तसे जात नाही. जास्तीचे सोडियम शरीरात पाणी धरून ठेवते. त्यामुळे रक्तदाब वाढतो, आणि वर्षानुवर्षे वाढलेल्या दाबाविरुद्ध काम करून हृदयाचे स्नायू जाड होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभराहून कमी मीठ खावे. खारवलेली मासळी पाण्यात भिजवून ते पाणी टाकून द्यावे आणि कालवणात वेगळे मीठ घालू नये. त्या दिवशी पापड-लोणच्याला सुट्टी.

वर्गात करण्याजोगा एक उपक्रम सुचवतो. मिठाची एक किलोची पिशवी फोडताना विद्यार्थ्यांनी तिच्यावर तारीख लिहावी. चार प्रौढांच्या घरात दिवसाला २० ग्रॅम, या हिशेबाने ती किमान ५० दिवस पुरली पाहिजे. बाहेरच्या खाण्यातले मीठ वेगळेच. तेलाचेही असेच. मार्गदर्शिकेतील २००० किलोकॅलरींच्या आहारात दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप धरले आहे. चार माणसांना महिन्याला सव्वातीन किलो झाले. घरातले आकडे याच्याशी ताडून पाहावेत. त्रैराशिकाचा सरावही होईल आणि आकडे आईवडिलांपर्यंत पोचतील.

एक काळजी मात्र घ्यावी. वाढत्या वयाच्या मुलांचे खाणे तोडायचे नाही आणि वर्गासमोर कोणाचे वजन किंवा कंबर मोजायची नाही. मुलांना भरपूर खेळू द्यावे. त्यांच्या भुकेचा काटा त्यानेच ठीक राहील. रक्तदाबाचे किंवा मधुमेहाचे औषध चालू असलेल्यांनी आहारातले मोठे बदल डॉक्टरांना विचारून करावेत.

आजोबांच्या ताटाला नावे ठेवण्याचे कारण नाही. त्यांनी ते घाम गाळून पचवले. आपल्या वाट्याला तेवढा घाम उरलेला नाही, म्हणून वाढताना भाताचा एक डाव कमी आणि भाजीचे दोन डाव जास्त, एवढे ध्यानात ठेवले तरी सुरुवात झाली.