बाळाने पहिली शी कधी केली? या साध्या प्रश्नावरून ओळखू येतो एक दुर्मीळ आजार

बाळाला दोन-तीन दिवस शी झाली नाही की अनेक घरांत ठरलेला उपाय होतो. विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून शीच्या जागी लावायचा. शी होते, घरचे निश्चिंत होतात. बहुतेकदा काळजीचं कारण नसतंही. फक्त आईच्या दुधावर असलेलं दोन महिन्यांचं बाळ चार-पाच दिवस शी न करता मजेत खेळत असेल, तर ते चालतं.

पण काही बाळांचं दुखणं वेगळं असतं. त्याचं नाव हर्शस्प्रंग आजार.

नेमकं होतं काय?

आतड्याच्या भिंतीतल्या चेतापेशी मल पुढे सरकवतात. बाळ पोटात असताना या पेशी वरून खाली गुदद्वारापर्यंत पोचतात. या आजारात त्या वाटेतच थांबतात. मग आतड्याचा शेवटचा भाग आवळलेला राहतो आणि वरचा फुगत जातो. साधारण ५,००० बाळांमागे एकाला हा आजार होतो, मुलग्यांना जास्त. डेन्मार्कचे डॉक्टर हाराल्ड हर्शस्प्रंग यांनी १८८६ मध्ये अशा दोन बाळांची माहिती मांडली, म्हणून हे नाव. आईने बाळंतपणात काय खाल्लं, याचा इथे काहीच संबंध नाही.

ओळखायचं कसं?

पूर्ण दिवसांचं बाळ पहिली काळी, चिकट शी बहुधा २४ तासांत, फार तर ४८ तासांत करतं. तीच उशिरा झाली, पोट फुगलं, हिरवी उलटी झाली, तर थांबू नका. देठ लावल्यावर जोरात वारा आणि शी बाहेर पडते, पण आजार आतच राहतो. पुढे ताप आणि घाण वासाची पातळ शी सुरू झाली, तर ‘चला, पोट साफ झालं’ असं समजू नका. तो आतड्याचा संसर्ग असू शकतो आणि त्यात जीवही जाऊ शकतो.

उपाय आहे का?

आहे. आतड्याचा छोटा तुकडा तपासून निदान पक्कं होतं. चेतापेशी नसलेला भाग काढून चांगलं आतडं खाली जोडतात. ही शस्त्रक्रिया १९४८ पासून होते आहे. काहींना नंतरही शीचा त्रास राहतो, पण बहुतेक मुलं नेहमीसारखी वाढतात.

खारदांड्यातल्या कुटुंबांना वांद्र्याचं भाभा आणि विलेपार्ल्याचं कूपर ही पालिकेची रुग्णालयं जवळ आहेत. लहान मुलांच्या शस्त्रक्रियेसाठी परळचं वाडिया आहे. खर्चाची चिंता असेल तर महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राला विचारा.

आणि डॉक्टरांना पहिल्या शीची वेळ नक्की सांगा.