सतरा नंबरच्या फॉर्मचे दिवस

पाचवी-आठवीत नापास करणं महाराष्ट्रात 2023-24 पासून परत आलं. वार्षिक परीक्षा, मग फेरपरीक्षा, तिथेही अडकला तर मूल त्याच वर्गात. ‘आता जरा वठणीवर येतील’, असं माझ्या ओळखीतले कित्येक शिक्षक समाधानाने म्हणाले. हेच वाक्य पूर्वी छडीच्या समर्थनार्थ ऐकलं होतं.

छडीच्या त्या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ढ मुलगा मागच्या बाकावर, वात्रट मुलगा वर्गाबाहेर. दोघं पुढे कुठे गेले, कुणी विचारलं नाही.

1996 साली मात्र महाराष्ट्राने खरंच देशाच्या पुढे पाऊल टाकलं. अध्ययन अक्षमता असलेल्या, म्हणजे बुद्धी असूनही वाचन, लेखन किंवा गणितात अडणाऱ्या मुलांना दहावीला जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांना माफी, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित. संसदेच्या कायद्यात या अक्षमतेचं नाव यायला त्यानंतर आणखी वीस वर्षं लागली.

पुढची दहा वर्षं मी मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवत होते. सवलतींचं परिपत्रक आमच्या कार्यालयात फाइलला लागलेलं होतं. पण सवलतीला प्रमाणपत्र हवं, ते मुंबईत सायनसारख्या रुग्णालयात मिळणार, आणि तपासणीच्या चाचण्या बहुतेक इंग्रजीत. घ-ध, भ-म यांत गोंधळणाऱ्या, रफार गिळणाऱ्या मुलाला त्या काय उपयोगाच्या? मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही डिस्लेक्सियाची, म्हणजे वाचनातल्या अक्षमतेची चाचणी आणली ती 2015 मध्ये. तोवर मराठी माध्यमातल्या पोरांची एक पिढी ‘लक्ष देत नाही’ या शेऱ्यावर निघून गेली होती.

आमच्याकडे त्याहून सोपा इलाज होता. नववीचा निकाल लागला की पालकांना बोलावायचं. ‘याला झेपायचं नाही, सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसवा.’ पालक मान खाली घालून सही करायचे. दहावीचा निकाल शंभर टक्के, फाटकावर फलक, मुख्याध्यापकांना शाल-श्रीफळ. गाळलेल्यांत एक मुलगा होता, वडिलांच्या भाजीच्या गाडीवर पावणेतीन किलोचा हिशेब तोंडी करणारा. कागदावर मात्र पंचवीस ऐकून 52 लिहायचा. अशा मुलांना सोपं जावं म्हणून 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ असं वाचायची सोय केली, तर विधानसभेपर्यंत टिंगल झाली. हसणाऱ्यांपैकी कितीजणांनी दुसरीचा वर्ग घेतला होता, देव जाणे.

2007 च्या डिसेंबरात ‘तारे जमीन पर’ आला आणि शिक्षकसुद्धा डोळे पुसत थिएटरबाहेर पडले. चित्रपटाचे उपकार मोठे आहेत. पालक पहिल्यांदा ‘आमच्या मुलाला हेच असेल का’ म्हणत शाळेत आले. पण निवासी शाळेत एका मुलासाठी वेळ काढणारा कलाशिक्षक पाहून साठच्या वर्गातल्या शिक्षकाने करायचं काय, हा प्रश्न पडद्यावर नव्हता आणि शिक्षण खात्यातही नव्हता. मग शहरांत प्रमाणपत्रांची धावपळ सुरू झाली, पाठोपाठ खोट्या प्रमाणपत्रांचा संशय. त्या गदारोळात मुलाला वाचायला शिकवायचं राहूनच गेलं.

2010 पासून मारायला कायद्याने बंदी आली, ती हवीच होती. पण एका जागी बसू न शकणाऱ्या मुलाशी वागायचं कसं, हे शिक्षकाला शिकवायची निकड कुणाला वाटली नाही. संसदेच्या त्या 2016 च्या कायद्यात 21 अपंगत्वं मोजली आहेत, त्यांत अतिचंचलता नाही. तो मुलगा अजूनही वात्रटच.

आता फेरपरीक्षेआधी पूरक मार्गदर्शन देण्याचा नियम आहे. ते द्यायचं कोणी? विषयशिक्षकाने, म्हणजे वर्षभर ज्याला तो मुलगा नुसता आळशी वाटत होता त्यानेच.