मावशी दाखल नव्हती

एडिसन, न्यू जर्सी

गेल्या हिवाळ्यात एका मंगळवारी संध्याकाळी माझी ८४ वर्षांची मावशी न्हाणीघरात घसरली. पेल्व्हिसच्या हाडाला बारीक तडा गेला. अशा तड्याला बहुधा शस्त्रक्रिया लागत नाही, पण पाऊल टेकवलं की जीव कासावीस होतो. चार रात्री ती इथल्या एका हॉस्पिटलात होती. पलंग होता, मनगटावर नावाचा पट्टा होता, हाताला सलाइन होतं, पहाटे चार वाजता रक्त काढायला माणूस येत होता. आणि चौथ्या दिवशी आम्हाला कळलं की कागदोपत्री ती हॉस्पिटलात दाखल झालेलीच नाही.

हे ऐकून मला वाटलं, कुणाची तरी चूक झाली असणार. चूक नव्हती, तो इथला नियम आहे. अमेरिकेत ज्यांचे आईवडील, काका-मावशी म्हातारे होत आहेत त्यांना तो माहीत असायला हवा, म्हणून हे पत्र.

इथे हॉस्पिटलच्या खाटेवर झोपलेला माणूस दोन प्रकारचा असतो. एक ‘इनपेशंट’, म्हणजे डॉक्टरांनी रीतसर दाखल करून घेतलेला. दुसरा ‘ऑब्झर्व्हेशन’वर ठेवलेला, म्हणजे हिशेबाच्या दृष्टीने बाह्यरुग्णच. खोली तीच, नर्स तीच, जेवणाचा ट्रे तोच. फरक फक्त संगणकातल्या नोंदीत, आणि ती नोंद खाटेवरच्या माणसाला दिसत नाही.

त्या नोंदीचं एवढं महत्त्व मेडिकेअरमुळे. वृद्धांसाठीच्या या सरकारी आरोग्यविम्याच्या कायद्यावर ३० जुलै १९६५ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी सही केली आणि पहिलं कार्ड माजी अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांना दिलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्थलांतराचा नवा कायदा आला आणि आपल्याकडच्या इंजिनिअर-डॉक्टरांना हा देश खुला झाला. माझे काका-मावशी १९७१ साली आले ते त्याच दारातून. मावशीने बावीस वर्षं बँकेत नोकरी केली आणि दर पगारातून मेडिकेअरचा वाटा कापून दिला. त्या पहिल्या मराठी पिढीतली बरीच माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. एकेकटी राहतात, मुलं दुसऱ्या किनाऱ्यावर. मावशीचा मुलगा कॅलिफोर्नियात, आमच्याहून घड्याळात तीन तास मागे.

मूळ मेडिकेअरचा एक जुना नियम असा, की हॉस्पिटलातून सुटल्यावर नर्सिंग होममध्ये काही आठवडे राहून व्यायाम, उपचार घ्यायचे असतील, तर त्याचे पैसे विमा देतो. पहिल्या वीस दिवसांचे तर पूर्ण देतो. पण त्याआधी सलग तीन दिवस इनपेशंट म्हणून राहिलेलं असलं पाहिजे. सुटण्याचा दिवस त्यात धरत नाहीत. ऑब्झर्व्हेशनमध्ये काढलेले दिवसही धरत नाहीत, मग ते चार असोत की सहा. हा नियम बनला तेव्हा म्हातारं माणूस एकदा हॉस्पिटलात गेलं की आठवडा-दोन आठवडे तिथेच असायचं. आता सगळं भराभर उरकतं, नियम मात्र जागचा हललेला नाही. कोविडच्या काळात, मार्च २०२० पासून ११ मे २०२३ पर्यंत, सरकारने तो बाजूला ठेवला होता. साथ ओसरली आणि तो परत आला. कनेक्टिकटचे खासदार जो कोर्टनी ऑब्झर्व्हेशनचे दिवस मोजावेत यासाठी वर्षानुवर्षं विधेयक मांडत आहेत. ते अजून मंजूर झालेलं नाही. मला हा नियम अन्यायाचा वाटतो. ज्या बाईला पलंगावरून कमोडपर्यंत जाता येत नाही, तिची गरज संगणकातल्या एका शब्दावर ठरावी हे मला पटत नाही.

हॉस्पिटलने बुधवारी संध्याकाळी मावशीकडून, ती ऑब्झर्व्हेशनवर आहे असं सांगणारा एक फॉर्म सही करून घेतला होता. २०१५ च्या कायद्याने ही नोटीस सक्तीची झाली. चोवीस तासांहून जास्त ऑब्झर्व्हेशनवर राहिलेल्या मेडिकेअरच्या रुग्णाला ती छत्तीस तासांच्या आत द्यायची आणि तोंडी समजावून सांगायची. मी तेव्हा घरी कपडे आणायला गेले होते. मावशीचा चष्मा तिच्या पर्समध्ये, कानातलं यंत्र घरच्या टेबलावर. तिने सही केली, कारण नम्रपणे कुणी कागद पुढे केला की ती सही करते. तो कागद मला शुक्रवारी उशीखालच्या पिशवीत सापडला.

त्या तीन दिवसांत माझं लक्ष दुसरीकडे होतं. बुधवारी रात्री मावशी बरळायला लागली. तिला वाटत होतं आपण सांगलीच्या घरी आहोत, आणि अंगणातलं वाळवण भिजतंय. नर्स विचारत होती, आत्ता कोणतं वर्ष, तुम्ही कुठे आहात. पन्नास वर्षं इंग्रजीत नोकरी-संसार केलेली बाई उत्तरं मराठीत देत होती. तक्त्यावर लिहिलं गेलं, ‘गोंधळलेली, असंबद्ध बोलते’. काही अंशी ते खरं होतं. हॉस्पिटलात म्हाताऱ्या माणसांना असा भ्रम होतो, त्याला डिलिरियम म्हणतात. तो अचानक येतो, दिवसभरात कमीजास्त होतो, आणि त्याचा अर्थ माणूस कायमचा वेडसर झाला असा नाही. पण काही अंशी ती नुसती ऐकू येत नसलेली, चष्मा नसलेली, आपल्या भाषेत गेलेली बाई होती. गुरुवारी सकाळी कानाचं यंत्र लावलं, चष्मा घातला, खिडकीचा पडदा उघडला. मी दुभाषा मागितला. तो फुकट देणं हॉस्पिटलवर कायद्याने बंधनकारक आहे, घरच्या माणसाने दुभाष्याचं काम करावं अशी अपेक्षा धरता येत नाही. चाकांच्या स्टँडवर एक टॅबलेट आला आणि पडद्यावरची बाई हिंदीत बोलू लागली. मी म्हटलं, मराठी पाहिजे. वीस मिनिटं लागली, पण आली. तिने विचारलं, “आजी, कुठे दुखतंय?” आणि मावशीने दोन दिवसांत पहिल्यांदा नीट सांगितलं, कुठे दुखतं, केव्हा दुखतं, आणि रात्री दिलेल्या गोळीनंतर डोकं कसं गरगरतं.

ती गोळी साध्या झोपेची होती, दुकानात सहज मिळणारी डायफेनहायड्रामिन. वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची एक यादी आहे, १९९१ साली डॉ. मार्क बीअर्स यांनी पहिल्यांदा केलेली, अजूनही वेळोवेळी सुधारली जाणारी. तिच्यात हे औषध आहे, आणि त्याने भ्रम वाढू शकतो. मी नर्सला तेवढंच विचारलं, “ही बीअर्सच्या यादीत आहे ना?” तिने डॉक्टरांना फोन केला, गोळी बंद झाली. शुक्रवारी सकाळी मावशी मला म्हणाली, “तू किती वाळलीस गं, जेवतेस की नाही?” तेव्हा मला जरा श्वास घेता आला.

आपल्याकडे हॉस्पिटलात नातेवाईक म्हणजे धावपळ: औषधं आणा, रक्ताची बाटली आणा, डिपॉझिट भरा, डबा आणा. इथे त्यातलं काहीच करावं लागत नाही, म्हणून आपण निर्धास्त बसतो. इथलं नातेवाइकाचं काम विचारण्याचं आहे. तेही ठरल्या वेळी, कारण काही दिवस एक हॉस्पिटलिस्ट, म्हणजे फक्त हॉस्पिटलातले रुग्ण पाहणारा डॉक्टर असतो आणि मग दुसरा येतो. सकाळी सातला नर्सची पाळी बदलते, राउंड त्यानंतर केव्हाही. मी सातला जाऊन बसू लागले, वही घेऊन. पण पहिल्याच दिवशी जो प्रश्न विचारायला हवा होता तो मला ठाऊकच नव्हता: मावशी इनपेशंट आहे की ऑब्झर्व्हेशन?

तो मी शुक्रवारी विचारला. हॉस्पिटलची केस मॅनेजर तेव्हाच सांगून गेली होती की रिहॅबमध्ये, म्हणजे तशा नर्सिंग होममध्ये, जागा मिळतेय, पण विमा देणार नाही, रोजचे सव्वाचारशे डॉलर घरून. ऑक्टोबर २०१३ पासून असा दंडक आहे, की रुग्णाला दोन मध्यरात्री ओलांडून हॉस्पिटलच्या उपचारांची गरज पडेल असं डॉक्टरला वाटलं तर इनपेशंट करावं. मी डॉक्टरांना म्हटलं, तीन मध्यरात्री झाल्या, शिरेतून वेदनाशामक चालू होतं, भ्रम झाला, हे त्यात बसत नाही का? त्या तरुण डॉक्टरने माझं ऐकून घेतलं, वर जाऊन, कोण इनपेशंट हे पडताळणाऱ्या हॉस्पिटलच्या समितीशी वाद घातला. संध्याकाळी परत येऊन तिने सांगितलं, समितीच्या मते आजचे उपचार घरीही देता आले असते. गुरुवारी, सलाइन चालू असताना विचारलं असतं तर कदाचित वेगळं झालं असतं, असंही ती म्हणाली. एकदा माणूस सुटला की नोंद मागे जाऊन बदलता येत नाही.

दाद मागावी, तर तीही नाही. आधी इनपेशंट करून मग हॉस्पिटलने ऑब्झर्व्हेशनवर आणलेल्या रुग्णांना तो हक्क मिळाला, तोही २०११ साली कनेक्टिकटमध्ये सुरू झालेला खटला २०२२ मध्ये अपिलात टिकल्यावर. रुग्णाच्या हाती तशी नोटीस पडू लागली फेब्रुवारी २०२५ पासून. मावशी कधीच इनपेशंट नव्हती, म्हणून ती त्यात नाही.

मग आम्ही घरचा रस्ता धरला. घरी येणारी नर्स आणि फिजिओथेरपिस्ट यांच्यासाठी तीन दिवसांची अट नाही. डॉक्टरांचा आदेश लागतो, आणि माणसाला सहज घराबाहेर पडता येत नसलं पाहिजे. शनिवारी नवीन डॉक्टर आला आणि दुपारीच मावशीला सोडायला निघाला. मी सांगितलं, वॉकर आणि कमोडची खुर्ची आल्याशिवाय, आणि तिला पलंगावरून कसं उठवायचं हे मला दाखवल्याशिवाय घरी नेणं सुरक्षित नाही, आणि हे वाक्य तक्त्यावर लिहा. संध्याकाळी सहाला दोन्ही वस्तू आल्या. फिजिओथेरपिस्टने माझ्याकडून तीनदा करून घेतलं. दोन महिने आम्ही रात्री वाटून घेतल्या.

मुलाच्या नावाचं, न्यू जर्सीच्या नमुन्यातलं आरोग्यविषयक मुखत्यारपत्र आता फ्रिजवर लावलंय. दुसरं नाव माझं. त्याच्याच खाली औषधांची यादी, आणि मोठ्या अक्षरात: चष्मा, कानाचं यंत्र, मराठी.

एप्रिलमध्ये बिलं आली. प्रत्येकावर ‘बाह्यरुग्ण’. तिच्या नेहमीच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचेही पैसे वेगळे लावले होते, कारण बाह्यरुग्णाने स्वतः घ्यायच्या गोळ्यांचे पैसे मेडिकेअरचा बाह्यरुग्णांसाठीचा भाग देत नाही. मावशी वॉकर धरून टेबलापाशी आली, चष्मा लावला, पहिला कागद शेवटपर्यंत वाचला.

“अगं,” ती म्हणाली, “मग त्या चार रात्री मी कुठे होते?”