तापी शांत, तरी लिंबायत पाण्यात का?

सुरतच्या रहिवाशाला पावसाळ्यात एक आकडा तोंडपाठ असतो : ३४५ फूट. शहराच्या वरच्या अंगाला सुमारे शंभर किलोमीटरवर असलेल्या उकाई धरणाची ही पूर्ण पातळी. धरण त्या आकड्याकडे सरकू लागले, की तापीकाठचे सुरत सावध होते. मात्र शहराच्या आग्नेयेला असलेल्या लिंबायतमध्ये हा आकडा फारसा उपयोगी पडत नाही. उकाईत भरपूर जागा शिल्लक असते, तापी आपल्या पात्रात निवांत वाहत असते आणि तरीही लिंबायतच्या गल्ल्यांत गुडघाभर, कंबरभर पाणी चढते. २०२४ च्या जुलैत हे घडले आणि २०२५ च्या जूनमध्ये, पावसाळा जेमतेम सुरू झालेला असताना, पुन्हा घडले. सुरतच्या बोलीत या पुराला स्वतंत्र नाव आहे : खाडीपूर.

हा प्रश्न एका दूरच्या शहराचा असला तरी गोव्यातील वाचकाला तो परका वाटण्याचे कारण नाही. लिंबायत ही महाराष्ट्राबाहेरील मोठ्या मराठी वस्त्यांपैकी एक आहे. शिवाय भरती, ओहोटी, सखल जमीन आणि पाण्याचा अडलेला मार्ग ही या पुराची सारी सामग्री गोमंतकीयांच्या ओळखीची आहे.

खानदेशाचे दुसरे घर

लिंबायतला आणि शेजारच्या उधना, डिंडोली, गोडादरा या भागांना सुरतमधील खानदेश म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही. उधना स्थानकातून निघणारा लोहमार्ग बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव अशी गावे घेत सुमारे तीनशे किलोमीटरवरील जळगावला पोहोचतो. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ‘तापी व्हॅली रेल्वे’ने हा मार्ग घातला, तेव्हा त्याचा मुख्य हेतू माल वाहून नेण्याचा होता. पुढे त्याच मार्गाने माणसे आली. धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतील कोरडवाहू शेतीवर भागत नाही, असे ज्यांना वाटले, त्यांना एका रात्रीच्या प्रवासावर यंत्रमागांचे शहर सापडले.

आज लिंबायतच्या घराघरांत अहिराणी बोलली जाते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईची स्थापना होते, रात्रभर जागरण चालते आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत विसर्जन होते. आखाजीला माहेरवाशिणी येतात, शेवभाजीच्या आणि भरिताच्या वासाने गल्ली ओळखता येते. सुरत महानगरपालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती सात माध्यमांच्या शाळा चालवते. गुजराती, हिंदी, उर्दू, इंग्रजी, उडिया आणि तेलुगूबरोबर त्यांत मराठीही आहे. वस्ती अर्थातच केवळ मराठी नाही. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, राजस्थान येथून आलेली कुटुंबे आणि मोठा मुस्लिम समाज यांच्या शेजारात ती वाढली आहे.

राजकारणातही हे मराठीपण दिसते. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेनंतर अस्तित्वात आलेल्या लिंबायत विधानसभा मतदारसंघातून २०१२, २०१७ आणि २०२२ अशा तिन्ही निवडणुकांत भाजपच्या संगीता पाटील निवडून आल्या. लिंबायत ज्या नवसारी लोकसभा मतदारसंघात मोडते, त्याचे खासदार सी. आर. पाटील यांचा जन्म जळगाव जिल्ह्यातला. जून २०२४ पासून ते केंद्रात जलशक्तिमंत्री आहेत. खाड्यांची रोजची जबाबदारी मात्र महानगरपालिका आणि राज्य शासनाकडे येते.

पाणी येते कुठून?

‘खाडी’ हा शब्द गोव्यात समुद्राच्या आत शिरलेल्या पाण्यासाठी वापरला जातो. सुरतमध्ये खाडी म्हणजे मोठा नैसर्गिक ओहोळ. कांकरा, भेदवाड, मिठी, भाठेना आणि सीमाडा अशी त्यांची नावे. पावसाळ्यात या प्रत्येक खाडीची पातळी आणि धोक्याची रेषा मीटरमध्ये जाहीर होत असते. लिंबायतच्या वाट्याला येते ती प्रामुख्याने मिठी खाडी. नाव ऐकताच मराठी वाचकाला मुंबईची मिठी नदी आणि २६ जुलै २००५ आठवेल. नावाचे साम्य योगायोगाचे असले तरी दुखणे बरेचसे एकच आहे.

या खाड्यांचे पाणी तापीतून येत नाही. शहराच्या पूर्वेला कामरेज, पलसाणा या बाजूच्या शेतजमिनींवर पडलेला पाऊस उताराने पश्चिमेकडे निघतो, शहरात शिरतो आणि दाट वस्तीमधून वाट काढत दक्षिणेला मिंढोळा नदीकडे जातो. मिंढोळा पुढे अरबी समुद्राला मिळते. म्हणजे लिंबायतमध्ये पाऊस थांबून ऊन पडले, तरी वरच्या तालुक्यांत कोसळलेले पाणी काही तासांनी दारात येऊ शकते. पाहुण्याला चकित करणारे दृश्य हेच : आकाश कोरडे आणि रस्त्यावर चढते पाणी.

लिंबायतमध्ये त्यामुळे तीन पाणी एकत्र येतात. पहिले वस्तीवर पडणाऱ्या पावसाचे. दुसरे पूर्वेकडून खाडीतून येणारे. तिसरे खालून, समुद्राकडून येणारे भरतीचे. खंबातच्या आखाताच्या तोंडाशी असल्यामुळे सुरतच्या किनाऱ्यावर मोठ्या भरती-ओहोटीतील फरक पाच-सहा मीटरांच्या घरात जातो. गोव्यात तो साधारण दोन मीटर असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मोठी भरती असली, की नदीमुखाशी समुद्राचे पाणी भिंतीसारखे उभे राहते आणि खाडीला उतरायला जागा मिळत नाही. ओहोटी लागेपर्यंत पाणी वस्तीतच थांबते.

पणजीतील मळा भागात किंवा सांतिनेझच्या नाल्याकाठी राहणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. पाऊस आणि भरती एका वेळी आली, की तिथेही हाच अनुभव येतो. गोव्याच्या पूर्वजांनी यावर उपाय शोधला होता तो खाजन जमिनींच्या बांधांत बसवलेल्या ‘मानशी’चा. भरतीला तिची दारे मिटतात, ओहोटीला उघडतात. सुरतमध्ये तापीच्या बांधावर याच तत्त्वाचे पूरदरवाजे आहेत. तापी चढली, की नदीचे पाणी उलटे गटारांत शिरू नये म्हणून ते बंद केले जातात. पण दार बंद असताना शहरात पाऊस पडला, तर ते पाणी पंपांनी उपसून टाकावे लागते. मानशीच्या आत पाणी साठवायला शेत असते. शहराच्या दाराआड घरे असतात.

जमीन सखल, पाऊस तोच

सुरतमध्ये वर्षभरात सरासरी १,२०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. गोव्याच्या सरासरीच्या हे निम्मेही नाही. तेव्हा केवळ पावसाला दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. खरा बदल जमिनीवर झाला आहे.

२००६ मध्ये सुरत महानगरपालिकेची हद्द ११२ चौरस किलोमीटरवरून सुमारे ३२६ चौरस किलोमीटर झाली. डिंडोली, गोडादरा, परवत यांसारखी गावे त्या वेळी शहरात आली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ४४ लाखांच्या पुढे गेली होती. यंत्रमाग, भरतकाम, रंगाई आणि साड्यांचा व्यापार यांना मनुष्यबळ हवे होते, मनुष्यबळाला परवडणारे घर हवे होते. परवडणारी जमीन बहुधा सखल असते आणि सुरतच्या आग्नेयेला सखल जमीन म्हणजे खाडीकाठ. ज्या पट्ट्यात पूर्वी पावसाचे पाणी पसरून दोन दिवस थांबत असे, तिथे घरे, दुकाने आणि कारखाने उभे राहिले. पाण्याची विश्रांतीची जागा गेली.

त्यावर आणखी एक गोष्ट घडत राहते. रस्त्यावर दर काही वर्षांनी नवा थर चढतो. रस्ता उंच होतो, जुन्या घराचा उंबरठा खाली राहतो. लोहमार्गाखालचा रस्ता तर मुळातच खोल. त्याला इथले मराठीजनही गुजराती शब्दाने ‘गरनाळा’ म्हणतात. लिंबायतचा गरनाळा पाण्याखाली गेल्याची बातमी ही सुरतच्या पावसाळ्याची जणू हजेरी आहे. गरनाळा बंद झाला, की कामगाराला मोठा वळसा घालावा लागतो.

खालच्या टोकालाही अडथळे असल्याची तक्रार आहे. मिंढोळा आणि किनारपट्टीवर बेकायदा उभारलेल्या कोळंबीच्या तळ्यांच्या बांधांमुळे पाण्याचा निचरा अडतो, असे सांगितले जाते. ही तळी हटवण्याची मागणी प्रत्येक खाडीपुरानंतर होते.

दोन दिवसांच्या पाण्याची किंमत

खाडीपुरात तापीच्या महापुरासारखा संहार होत नाही. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्याने सुरतचा मोठा भाग बुडाला, त्या आठवणीपुढे दोन दिवसांचे गुडघाभर पाणी किरकोळ वाटू शकते. म्हणूनच त्याची किंमत मोजली जात नाही.

लिंबायतमध्ये घर हेच अनेकदा कामाचे ठिकाणही असते. बायका साड्यांना लेस लावतात, खडे चिकटवतात, भरतकामाचे सुटलेले धागे कापतात. मजुरी नगावर मिळते. साड्यांचे गठ्ठे जमिनीलगत ठेवलेले असतात. पाणी शिरले तर काम थांबते आणि माल भिजला तर तो कुणाच्या खाती पडायचा, हा प्रश्न उभा राहतो. तळमजल्यावरचे छोटे कारखाने आणि किराणा दुकाने यांचीही तीच कथा. बारा-बारा तासांच्या पाळीत काम करणाऱ्या यंत्रमाग कामगाराचा खाडा हा सरळ पगारातला खाडा असतो.

आरोग्याचा धोका वेगळाच. खाडीचे पाणी हे केवळ पावसाचे पाणी नव्हे, त्यात सांडपाणी आणि कारखान्यांतील सांडपाणीही मिसळते. खाड्यांकडे विल्हेवाटीची जागा म्हणून पाहण्याचा परिणाम किती भीषण होऊ शकतो, हे ६ जानेवारी २०२२ रोजी सचिन औद्योगिक वसाहतीत दिसले. तिथे टँकरमधून रसायन ओतले जात असताना निर्माण झालेल्या वायूने सहा कामगारांचा बळी घेतला. शिवाय दक्षिण गुजरात हा लेप्टोस्पायरोसिसचा परिचित पट्टा आहे. साचलेल्या पाण्यातून अनवाणी चालणे तिथे जिवावर बेतू शकते.

सुरतला या धोक्याची जाणीव नाही, असे म्हणता येणार नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये पुरानंतर साचलेली घाण आणि त्यापाठोपाठ आलेली प्लेगची साथ या शहराने पाहिली. लाखो माणसे तेव्हा शहर सोडून गेली. १९९५ मध्ये आयुक्त म्हणून आलेले एस. आर. राव यांनी साफसफाईची आणि आरोग्य देखरेखीची जी घडी बसवली, तिचे फळ म्हणजे आजचे सुरत. ‘स्वच्छ सर्वेक्षण २०२३’ मध्ये इंदूरसह सुरतला देशात संयुक्त पहिला क्रमांक मिळाला. पाणी ओसरताच गाळ उपसणे, फवारणी करणे, तापाचे रुग्ण शोधणे यात पालिकेचा हात सराईत आहे. पूर ओसरल्यानंतरचे काम शहराला जमले आहे. पूर येण्याआधीचे काम बाकी आहे.

उपाय कोणते आणि त्यांच्या मर्यादा

पहिला उपाय गाळ काढण्याचा. तो दरवर्षी करावाच लागतो, कारण दरवर्षी गाळ आणि प्लॅस्टिक परत येते. दुसरा, काठाने भिंती बांधण्याचा. भिंत बांधलेला भाग वाचतो, पण अडलेले पाणी पुढच्या वस्तीकडे वेगाने जाते. तिसरा, खाडीला काँक्रीटच्या पेटीत बंद करून वर रस्ता करण्याचा. दुर्गंधी आणि डास कमी होतात, रहिवासीही खूश होतात. मात्र झाकलेल्या पेटीतला गाळ काढणे अवघड आणि अतिवृष्टीत पेटीची मापे वाढवता येत नाहीत.

चौथा उपाय शहराबाहेरचा आहे. पूर्वेकडून येणारे पाणी वस्तीत शिरण्याआधीच तळ्यांत थोपवणे किंवा वेगळ्या मार्गाने वळवणे, आणि नदीमुखाजवळील अडथळे दूर करणे. तत्त्वतः हाच उपाय सर्वांत टिकाऊ. पण त्यासाठी जमीन लागते, महानगरपालिका, पाटबंधारे विभाग, महसूल यंत्रणा आणि ग्रामपंचायती यांना एका नकाशावर बसावे लागते. खाडीकाठची अतिक्रमणे हटवायची तर तिथल्या कुटुंबांना कामाच्या जवळ पर्यायी घर द्यावे लागते. शहराच्या दुसऱ्या टोकाला घर मिळाले आणि रोजगार गेला, तर माणसे पुन्हा खाडीकाठी येतात.

तोवर लिंबायतचा रहिवासी आपल्यापरीने तयारी करतो. धान्य माळ्यावर चढते, दुचाकी उंच रस्त्यावर जाते, फ्रिजखाली विटा येतात. उकाईच्या आकड्याबरोबर आता भरतीची वेळ, पलसाणा-कामरेजचा पाऊस आणि मिठी खाडीची पातळी या तीन गोष्टी पाहाव्या लागतात. या तिन्हींची एकत्रित सूचना, रहिवाशांना कळेल अशा मराठी, हिंदी आणि गुजरातीत, पाणी येण्याच्या काही तास आधी मोबाइलवर पोहोचली, तरी साड्यांचे गठ्ठे आणि शाळेची दप्तरे वाचतील. या कामाला भूसंपादनही लागत नाही.

गोव्यातही खाजन जमिनी बुजवून घरे आणि रस्ते होत आहेत, मानशी नादुरुस्त पडत आहेत. लिंबायतमध्ये जी जागा पाण्याला उरली नाही, ती इथे अजून बऱ्याच ठिकाणी शिल्लक आहे.