समांतर महासंगणन

एकाच मोठ्या गणिती प्रश्नाचे अनेक भाग पाडून ते एकाच वेळी वेगवेगळ्या प्रक्रियकांकडून सोडवून घेण्याच्या अतिवेगवान संगणन पद्धतीस समांतर महासंगणन म्हणतात. प्रक्रियक म्हणजे संगणकातील प्रत्यक्ष आकडेमोड करणारा भाग होय. या पद्धतीत यंत्ररचनेइतकेच महत्त्व संख्यात्मक विश्लेषणास आहे. जे प्रश्न सूत्राने नेमके सुटत नाहीत, त्यांची उत्तरे आकड्यांच्या रूपात पुरेशा अचूकतेने काढण्याच्या रीतींचा अभ्यास गणिताच्या या शाखेत होतो. प्रश्नाची विभागणी करता येईल अशी रीत हाती नसेल, तर शेकडो प्रक्रियक एकत्र जोडूनही वेग फारसा वाढत नाही. भारतात या विषयाच्या विकासात पुणे शहराचा वाटा मोठा आहे आणि पुण्यालगतच्या पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यातील वाहन उद्योगात त्याच्या उपयोगाची चांगली उदाहरणे मिळतात.

मूळ कल्पना संगणकाहून जुनी आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ एल. एफ. रिचर्डसन यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एक भव्य सभागृह कल्पिले होते. त्यात ६४,००० माणसे बसून पृथ्वीच्या आपापल्या वाट्याच्या भागातील हवामानाचे गणित करीत आहेत, शेजाऱ्यांना आपले आकडे कळवीत आहेत आणि मध्यभागी उभा असलेला नियंत्रक सर्वांची गती सारखी राखीत आहे, असे ते चित्र होते. कामाची वाटणी, शेजाऱ्यांशी देवघेव आणि गतीचा मेळ ही समांतर संगणनाची तीनही अंगे त्यात आली आहेत.

पुण्यातील प्रारंभ : १९८० च्या दशकात जगातील बहुतेक महासंगणक थोड्या पण अत्यंत वेगवान प्रक्रियकांवर आधारलेले होते. अमेरिकेतील क्रे कंपनीची यंत्रे त्यांत अग्रगण्य होती. त्यांच्या निर्यातीवर अमेरिकी शासनाचे कडक नियंत्रण असे. भारताला हवामानाच्या अंदाजासाठी क्रे एक्स-एमपी/१४ हे यंत्र दिल्लीकरिता मिळाले, तथापि त्याहून शक्तिशाली यंत्र मिळू शकले नाही. या पार्श्वभूमीवर केंद्र शासनाने १९८८ मध्ये प्रगत संगणन विकास केंद्र (सी-डॅक) ही संस्था पुण्यात स्थापन केली. अकोला जिल्ह्यातील मुरंबा येथे जन्मलेले विजय भटकर (१९४६– ) हे तिचे पहिले प्रमुख होत. महासंगणक तयार करण्यासाठी संस्थेला तीन वर्षांची मुदत मिळाली. समांतर संगणनाचे प्रयत्न देशात इतरत्रही चालू होते. बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकीय प्रयोगशाळेत वायुप्रवाहाच्या गणितासाठी ‘फ्लोसॉल्व्हर’ हा समांतर संगणक १९८६ मध्येच तयार झाला होता.

एकच अतिवेगवान प्रक्रियक बनविण्यास लागणारे तंत्र देशात नव्हते, म्हणून बाजारात मिळणारे साधे प्रक्रियक मोठ्या संख्येने जोडण्याचा मार्ग सी-डॅकने पत्करला. त्यासाठी ब्रिटनमधील इन्मॉस कंपनीचा ट्रान्सप्यूटर हा प्रक्रियक निवडण्यात आला. त्याच्या एकाच सिलिकॉन चकतीवर आकडेमोडीचे साधन आणि शेजारच्या चार प्रक्रियकांशी बोलण्यासाठी चार जोडण्या असत, हे त्याचे वैशिष्ट्य. या प्रक्रियकांपासून १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा संगणक सिद्ध झाला. त्यात प्रत्येक प्रक्रियकाची स्मृती स्वतंत्र होती. दुसऱ्याकडील आकडा हवा असल्यास तो निरोप पाठवून मागवावा लागे. ६४ प्रक्रियकांचे हे यंत्र २५६ प्रक्रियकांपर्यंत वाढविता येत असे व त्याचा कमाल वेग सु. १ गिगाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला सु. १०० कोटी गणितकृत्ये, होता. त्याच्यासाठी ‘पारस’ ही आज्ञावली-प्रणालीही तयार करण्यात आली. पुढे एक यंत्र मॉस्कोला गेले.

परंतु यंत्र उभे राहिले म्हणजे काम संपले, असे नव्हते. वैज्ञानिकांजवळच्या आज्ञावली एका प्रक्रियकासाठी लिहिलेल्या होत्या. त्यांतील गणिताची रीतच बदलून त्या नव्याने लिहिणे भाग होते आणि हेच काम यंत्राच्या जुळणीहून अधिक काळ चालले. तयार प्रक्रियक विकत घेऊन केलेली जोडाजोड, अशी ‘परम’ची जी संभावना काही वेळा केली जाते, तीत या कामाची दखल घेतलेली दिसत नाही.

विभागणीचे गणित : विभागणीच्या मर्यादा थोड्या आकड्यांनी स्पष्ट होतात. जीन ॲम्डाल यांनी १९६७ मध्ये दाखविल्याप्रमाणे, एखाद्या गणनेचा शेकडा ५ भाग क्रमानेच करावा लागत असेल, तर प्रक्रियक कितीही वाढविले तरी वेग वीसपटींपलीकडे जात नाही. ६४ प्रक्रियकांनी तो सु. १५.४ पट आणि २५६ प्रक्रियकांनी सु. १८.६ पट होतो. म्हणजे चौपट यंत्रसामग्रीचा लाभ जेमतेम एकपंचमांश. यावर जॉन गस्टाफसन यांनी १९८८ मध्ये असे दाखविले की, मोठे यंत्र लहान प्रश्नासाठी कोणी वापरीत नाही. यंत्राबरोबर प्रश्नही वाढतो आणि त्यातील क्रमाने करावयाचा भाग प्रमाणाने घटतो. दोन्ही म्हणणी खरी आहेत. कारखान्यातील अभियंत्याला मात्र पुष्कळदा तोच प्रश्न लवकर सोडवून हवा असतो आणि तेथे ॲम्डाल यांचा नियम आडवा येतो.

दुसरी मर्यादा देवघेवीची आहे. प्रत्येक बाजूस ६४ बिंदू असलेल्या घनाकार जाळीत २,६२,१४४ बिंदू असतात. तिचे ६४ सारखे घन केले, तर प्रत्येकाच्या वाट्यास ४,०९६ बिंदू येतात आणि मधल्या घनाला सहा पृष्ठांवरून १,५३६ मूल्ये शेजाऱ्यांना द्यावी लागतात. हे प्रमाण शेकडा ३७.५ पडते. त्याच जाळीचे ५१२ घन केल्यास ५१२ बिंदूंमागे ३८४ मूल्ये, म्हणजे शेकडा ७५ होतात. तुकडे जितके लहान तितके प्रक्रियक कामापेक्षा बोलण्यातच अधिक गुंतून पडतात.

यामुळे जुन्या रीतींची प्रतवारीही बदलली. भोसरी-चिंचवड परिसरातील ओतशाळेत साच्यात ओतलेला रस कोठे आधी थिजेल हे काढावयाचे असेल, तर उष्णतावहनाचे समीकरण जाळीच्या प्रत्येक बिंदूवर सोडवावे लागते. गाउस-सायडेल रीतीत नुकतेच मिळालेले मूल्य पुढच्या बिंदूसाठी लगेच वापरतात, म्हणून ती याकोबीच्या रीतीहून लवकर उत्तराकडे पोचते. परंतु प्रत्येक बिंदू आधीच्या बिंदूसाठी खोळंबतो. याकोबीच्या रीतीत सर्व बिंदूंवरील गणित जुन्या मूल्यांवरून एकदमच करता येते. त्यामुळे संथ म्हणून मागे पडलेली ही रीत समांतर यंत्रावर पुन्हा विचारात घेण्याजोगी ठरली. बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे बिंदूंना दोन रंग देऊन आधी एका रंगाचे व मग दुसऱ्याचे बिंदू सोडविणे, हा या दोहोंमधील उपयुक्त मार्ग आहे.

वाहनाच्या टकरीचे गणन : टाटा मोटर्सचा पिंपरी येथील, तसेच बजाज ऑटो, महिंद्र व फोक्सवागेन यांचे चाकण येथील कारखाने यांमुळे हा पट्टा देशातील वाहननिर्मितीचे एक प्रमुख केंद्र बनला आहे. वाहनाचा सांगाडा टकरीत कसा चेपतो हे गणिताने काढण्यासाठी पत्र्याचे लहान लहान तुकडे कल्पितात व प्रत्येकावरील बल आणि हालचाल काढतात. या रीतीस सांत घटक पद्धती म्हणतात. १९८६ मध्ये फोक्सवागेन पोलो या गाडीची ताशी ५० किमी. वेगाने भिंतीवर होणारी समोरासमोरची टक्कर एका रात्रीच्या संगणनात पूर्ण करण्यात आली. या क्षेत्रातील हा प्रारंभीचा टप्पा मानला जातो. योगायोग असा की, पोलोच्या नंतरच्या पिढीची निर्मिती डिसेंबर २००९ ते २०२२ या काळात चाकण येथे झाली.

या गणनेचा पसारा सहज ताडून पाहता येतो. पोलादात ध्वनितरंग सेकंदाला सु. ५ किमी., म्हणजे मायक्रोसेकंदात (सेकंदाच्या दशलक्षांश भागात) ५ मिमी. जातो. कूरंट, फ्रीड्रिख्स व लेवी यांनी १९२८ मध्ये सांगितलेल्या अटीनुसार, तरंग एका घटकातून पार होण्यास जेवढा वेळ घेतो त्याहून मोठे कालपाऊल टाकल्यास उत्तर भरकटते. म्हणून ५ मिमी. च्या घटकांसाठी एक मायक्रोसेकंदाहून मोठे पाऊल चालत नाही आणि दशांश सेकंदात संपणाऱ्या टकरीसाठी सु. एक लाख पावले टाकावी लागतात. प्रत्येक पावलात लाखो घटकांचे गणित येते. घटकांची लांबी निम्मी केली तर पत्र्यावरील घटक चौपट, पावले दुप्पट आणि एकूण काम आठपट होते. सुदैवाने येथे प्रत्येक घटकाला केवळ लगतच्या घटकांची माहिती लागते, त्यामुळे हा प्रश्न वाटून घेण्यास विशेष सोयीचा आहे. याउलट सांगाड्याची स्थिर भाराखालील लवण काढताना सर्व समीकरणे एकत्र सोडवावी लागतात आणि हेस्टनेस व श्टीफेल यांच्या १९५२ मधील संयुग्मी प्रवणता रीतीतही प्रत्येक फेरीत सर्व प्रक्रियकांच्या बेरजा एका ठिकाणी गोळा कराव्या लागतात.

या बेरजांमध्ये एक खोच आहे. संगणक ठराविक अंकांपर्यंतच संख्या राखतो. तीनच सार्थ अंक राखणाऱ्या यंत्रात १,००० मध्ये ४ व पुन्हा ४ मिळविल्यास दोन्ही वेळा उत्तर १,००० च राहते. आधी ४ व ४ यांची बेरीज करून ८ मिळविल्यास मात्र १,०१० येते. प्रक्रियकांची संख्या बदलली की बेरजेचा क्रम बदलतो आणि उत्तराचे शेवटचे अंक बदलतात. एरवी हा फरक नगण्य असतो. टकरीत मात्र पत्रा आत दुमडेल की बाहेर, हे अगदी सूक्ष्म फरकावर ठरू शकते आणि तोच नमुना दोन वेळा चालविल्यास दोन निराळ्या घड्या दिसू शकतात. असे घडल्यास दोष यंत्रात नसून पुष्कळदा सांगाड्याच्या अस्थिर आकारात असतो. तो आकार बदलणे हाच त्यावरील योग्य उपाय होय.

पुढील वाटचाल : ‘परम’ मालिकेतील ‘परम पद्म’ हा सु. एक टेराफ्लॉप (हजार गिगाफ्लॉप) वेगाचा संगणक जून २००३ मध्ये जगातील पहिल्या ५०० संगणकांच्या यादीत १७१ व्या स्थानी होता. नोव्हेंबर २००७ च्या यादीत पुण्यातील कंप्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज या टाटा समूहातील संस्थेचा ‘एका’ हा महासंगणक ११७.९ टेराफ्लॉप वेगाने चौथा आला. कार्मरकर रीतीचे (१९८४) जनक नरेंद्र कार्मरकर यांचा या संस्थेशी प्रारंभी संबंध होता. प्रक्रियकांची जोडणी सांत प्रक्षेपीय भूमितीच्या आधारे करण्याची कल्पना त्यांनी १९९१ मध्ये मांडली होती. पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत २०२४ मध्ये ‘अर्क’ हा ११.७७ पेटाफ्लॉप (११,७७० टेराफ्लॉप) क्षमतेचा संगणक कार्यान्वित झाला.

अशा आकड्यांचा अर्थ जपून लावणे इष्ट. वरील यादीतील क्रम भरगच्च समीकरणसंच गाउसच्या निरासन रीतीने सोडविण्याच्या चाचणीवरून ठरतो व तो प्रश्न यंत्राला सोयीचा असतो. अभियांत्रिकीतील समीकरणांत बहुतेक सहगुणक शून्य असतात. तशा चाचणीत मोठमोठी यंत्रेही आपल्या कमाल वेगाच्या शेकडा काही थोड्या भागापर्यंतच पोचतात. यामुळे गणिती रीती, आज्ञावली आणि उपयोजनाचा विषय ही तिन्ही अंगे जाणणाऱ्यांची गरज यंत्रांच्या संख्येबरोबर वाढत आली आहे. सी-डॅकने १९९३ पासून प्रगत संगणनाचे स्वतंत्र शिक्षणवर्ग चालविले असून २०१५ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय महासंगणन अभियानातही मनुष्यबळाच्या प्रशिक्षणाचा समावेश आहे.

संगणनाने वाहन उद्योगातील प्रत्यक्ष चाचण्यांची संख्या कमी केली, तरी त्या टाळता आलेल्या नाहीत. भारतात समोरून होणाऱ्या टकरीची अट १ ऑक्टोबर २०१७ पासून नव्या नमुन्याच्या मोटारींना आणि १ ऑक्टोबर २०१९ पासून सर्व मोटारींना लागू झाली. तीनुसार गाडी ताशी ५६ किमी. वेगाने अडथळ्यावर प्रत्यक्ष आदळावी लागते.